नव्या शिक्षकाच्या मार्गदर्शनाचा पैसा आणि वेळ: या चुका टाळा

नव्या शिक्षकांवर राज्य पैसा खर्च करतं. १ जानेवारी २०२३ पासून शिक्षणसेवकाचं, म्हणजे नियमित होण्याआधीच्या नव्या शिक्षकाचं, महिन्याचं मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये झालं. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. तिच्यातून पदवीधर प्रशिक्षणार्थींना महिना १०,००० रुपये विद्यावेतन मिळू लागलं आणि डी.एड., बी.एड. झालेली कितीतरी मुलंमुली जिल्हा परिषदेच्या शाळांत वर्गावर उभी राहिली. समग्र शिक्षा या सरकारी शालेय शिक्षण योजनेत ६० टक्के केंद्र सरकारचे आणि ४० टक्के राज्याचे असा पैसा प्रशिक्षणांवर, डाएटवर (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेवर), तालुक्याच्या गट साधन केंद्रांवर जातो.

या हिशेबात एक माणूस मात्र सापडत नाही. तो म्हणजे नवख्याच्या शेजारी बसून त्याला शिकवणारा जुना शिक्षक. त्याचा वेळ कुणी मोजत नाही, म्हणून तो कुणी देतही नाही. खालच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. त्यातल्या निम्म्या तरी शाळेच्या आणि केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) पातळीवर आजच टाळता येतील.

प्रशिक्षणाचे दिवस भरले म्हणजे मार्गदर्शन झालं, असं धरून चालणं

हजेरीपटावर सह्या, जेवणाचं देयक, प्रमाणपत्र, की विषय संपला. प्रशिक्षण हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण त्यात दिसते ती पद्धत, समोरचं मूल दिसत नाही.

तिसरीच्या वर्गातलं उदाहरण घ्या. ५२ मधून ३८ वजा करताना एक मुलगी उत्तर लिहिते २६. नवा शिक्षक फुली मारतो, फळ्यावर हातच्याची रीत पुन्हा समजावतो आणि पुढे जातो. दहा-बारा वर्षं तो वर्ग शिकवलेल्या बाई वहीवर नजर टाकतात आणि लगेच सांगतात, ‘ही पोरगी प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढतेय. आठातून दोन, पाचातून तीन. हिला हातचा चुकला नाहीये, दशक सोडवून एकक करायचे असतात हेच कळलेलं नाही. काड्यांचे गठ्ठे द्या तिच्या हातात.’ ही गोष्ट कुठल्याही पीपीटीत येत नाही. ती त्या वहीवर, त्या क्षणी, दोघांनी मिळून बघावी लागते.

म्हणून प्रशिक्षणाहून आलेल्या शिक्षकाला ‘काय काय शिकवलं?’ एवढं विचारून सोडू नका. त्यातली एक गोष्ट निवडा, येत्या आठवड्यात ती कुठल्या तासाला करणार ते ठरवा आणि त्या तासाला मार्गदर्शकाला मागच्या बाकावर बसवा.

वेळापत्रकात जागाच न ठेवणं

ही सगळ्यांत महागडी चूक. ‘मधल्या सुट्टीत बोला’, ‘शाळा सुटल्यावर बघा’ असं सांगितलं की ते होत नाही. मधल्या सुट्टीत पोषण आहार असतो, सुटल्यावर एकाला एसटी गाठायची असते आणि दुसऱ्याला यू-डायसवर, म्हणजे सरकारी पोर्टलवर, शाळेची माहिती भरायची असते.

इंग्लंडमध्ये सरकारने हा प्रश्न वेळापत्रकातच सोडवला. सप्टेंबर २०२१ पासून तिथल्या नव्या शिक्षकाचा उमेदवारीचा काळ दोन वर्षांचा झाला. पहिल्या वर्षी त्याच्या अध्यापनाच्या तासांत १० टक्के आणि दुसऱ्या वर्षी ५ टक्के सूट असते. दुसऱ्या वर्षाची ही सूट आणि मार्गदर्शकाचा वेळ यांसाठी सरकारी शाळांना वेगळा पैसा देण्याची सोयही केली गेली. म्हणजे पैसा वेळ विकत घेण्यासाठी वापरला. मला ही दिशा पटते, कारण मार्गदर्शनात वेळाशिवाय दुसरी महाग वस्तूच नाही.

आपल्याकडे तसा निधी शाळेच्या हाती येत नसला, तरी कायद्याचा एक आधार आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास धरले आहेत आणि त्यात तयारीचे तासही मोजले आहेत. आठवड्यातला एक तास मार्गदर्शक आणि नवा शिक्षक या दोघांनाही मोकळा मिळेल, असं वेळापत्रक जूनमध्येच बसवा आणि तो भिंतीवरच्या तक्त्यावर लिहा. लिहिलेला तास कुणी सहज मोडत नाही. अगदी नाइलाजाने मोडलाच, तर त्याच आठवड्यात भरून द्या.

छात्राध्यापकाला प्रॉक्सीवर पाठवणं

एनसीटीई या शिक्षक प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेच्या २०१४ च्या नियमांनंतर बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यात २० आठवड्यांची आंतरवासिता, म्हणजे छात्राध्यापकाने शाळेत राहून करायचा सराव, आली. पहिल्या वर्षी ४ आठवडे, दुसऱ्या वर्षी १६. इतका काळ वर्गात काढायला मिळणं ही मोठी संधी आहे. पण शाळेत पाऊल ठेवल्या दिवशी काय होतं? ज्या वर्गाचे सर रजेवर, तिथे छात्राध्यापक. वर्ग शांत राहतो, मुख्याध्यापक निश्चिंत होतात आणि सोळा आठवड्यांनी ती मुलगी फक्त वर्ग सांभाळायला शिकून जाते.

साधा नियम करा. पहिला आठवडा फक्त निरीक्षण, त्यानंतर विषय शिक्षकाच्या उपस्थितीत पाठ. पाठाच्या टाचणावर आधी चर्चा, पाठानंतर पुन्हा चर्चा. सराव पाठाच्या वहीवर महिनाअखेरीस एकदम सह्या करणारे शिक्षक आढळले, तर महाविद्यालयाने ती शाळा पुढच्या वर्षी घेऊ नये. हे कठोर वाटेल, पण उद्या तीच मुलगी आपल्या पोरांना शिकवणार आहे.

मार्गदर्शन आणि गोपनीय अहवाल एकाच हातात देणं

शिक्षणसेवकाचा काळ तीन वर्षांचा. सेवा समाधानकारक ठरली तरच तो नियमित होतो. अशा माणसाने ‘सर, मला चौथीचे अपूर्णांक जमत नाहीत’ हे कुणापुढे बोलावं? जो त्याचा अहवाल लिहिणार, त्याच्यापुढे तो कधीच बोलणार नाही. शक्य तिथे मार्गदर्शक म्हणून मुख्याध्यापक नको, सहशिक्षक द्या. दोघांचं बोलणं अहवालात येणार नाही, हे मुख्याध्यापकांनी दोघांसमोर स्पष्ट सांगावं. मार्गदर्शक निवडताना नुसती सेवाज्येष्ठता बघू नका. तोच वर्ग किंवा तोच विषय शिकवणारा, आणि स्वतःच्या वर्गात दुसऱ्याला बसू देणारा माणूस शोधा.

द्विशिक्षकी शाळेला मोठ्या शाळेचा साचा लावणं

वाडीवस्तीवरच्या शाळेत नवा शिक्षक रुजू होतो आणि दुसरे गुरुजी बदलून जातात. दोन महिन्यांत हाच पोरगा प्रभारी मुख्याध्यापक! पोषण आहाराचा साठा, शाळा व्यवस्थापन समितीचे ठराव, पीएफएमएस या सरकारी खर्चाच्या ऑनलाइन प्रणालीची कामं, सगळं त्याच्याच डोक्यावर. त्याला ‘सहशिक्षक मार्गदर्शक’ कुठून आणणार?

इथे केंद्र हीच शाळा समजा. केंद्रप्रमुखांनी शेजारच्या शाळेतला एक शिक्षक नेमून द्यावा आणि तसा लेखी आदेश गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून घ्यावा. आदेश असेल, तर त्या दिवशी शाळेबाहेर असणं कर्तव्यावर धरलं जातं आणि प्रवासखर्च मागायला आधार मिळतो. तोंडी सांगून पाठवलेला शिक्षक स्वतःच्या पेट्रोलने जातो, वर अनुपस्थितीचा ठपका घेतो आणि दुसऱ्यांदा जात नाही. केंद्रातल्या शिक्षकांच्या महिन्याच्या शिक्षण परिषदेतही सूचनांचं वाचन आवरतं घ्या आणि नव्या शिक्षकांना त्यांच्या अडचणी मांडायला ठरलेला वेळ ठेवा. मोबाइलवरचं मार्गदर्शन पूरक म्हणून चांगलं, पण वही बघायला कुणीतरी गेलंच पाहिजे.

पैसा चुकीच्या शीर्षात टाकणं आणि मार्चपर्यंत थांबणं

संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. १०० च्या वर आणि २५० पर्यंत पट असेल तर वर्षाला ५०,००० रुपये. हे वीजबिल, साहित्य, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता अशा गोष्टींसाठी आहे. हेतू कितीही चांगला असला, तरी त्यातून मार्गदर्शकाला मानधन दाखवलं की लेखापरीक्षणात आक्षेप आलाच.

दुसरी गडबड वेळेची. पैसा आता शाळेच्या खात्यात पडून राहत नाही, पीएफएमएसवर खर्चाची मर्यादा मिळते. वर्षअखेरीस उरलेली मर्यादा आपली राहील, असं धरून चालू नका. फेब्रुवारीत घाईघाईने दोन दिवसांची कार्यशाळा उरकून पैसा संपवला, तर जूनमध्ये रुजू झालेल्या शिक्षकाला त्याचा काय उपयोग? त्याचं वर्ष तोवर हातातून गेलेलं असतं.

देयक अडकलं तर आधी तीन कागद बघा: नेमणुकीचा आदेश, भेटीची तारीखवार नोंद आणि दोघांच्या सह्या. नोंदीत ‘मार्गदर्शन केले’ एवढंच लिहू नका. वर्ग, विषय, काय पाहिलं, पुढच्या भेटीपर्यंत काय करायचं, एवढ्या चार ओळी पुरतात.

आणि पुढच्या वर्षी पैसा हवा असेल, तर मागणी आराखडा बनत असतानाच गेली पाहिजे. समग्र शिक्षेचं वार्षिक नियोजन मंजूर झाल्यावर नवी बाब घुसवता येत नाही. केंद्रात किती नवे शिक्षक, किती मार्गदर्शक, महिन्याला किती भेटी, दर भेटीचा प्रवासखर्च किती, असा हिशेब मांडून दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच गट साधन केंद्रात द्या, त्याची प्रत डाएटला द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.