गाडीची काच बर्फाने चिकटली? आधी बटणावरचं बोट काढा

कॅनडातल्या कॅलगरीतला माझा पहिला हिवाळा, बाहेर उणे २२, ड्राइव्ह-थ्रूत कॉफी घ्यायला काच खाली करायला गेले तर नुसता घर्रर्र आवाज, काच जागची हलेना. मग परत दाबलं, मग अजून जोरात दाबलं (बटण जोरात दाबलं की मोटरला जास्त ताकद येते असं काहीतरी डोक्यात असावं), आणि दाराच्या आत कट्ट झालं. मग मात्र काच खाली गेली. एकदम, सगळीच्या सगळी, दाराच्या पोटात. घरी पोचायला २० मिनिटं लागली, डाव्या कानाची जाणीव यायला त्याहून जास्त.

झालं काय होतं, तर दारातली मोटर एक केबल ओढते आणि ती केबल काचेला धरलेल्या क्लिपा वरखाली करते, ह्या सगळ्या जोडणीला रेग्युलेटर म्हणतात. काच कडेच्या रबरात (आपल्याकडे गॅरेजवाले बीडिंग म्हणतात ते) बर्फाने धरून ठेवलेली असते, मोटर ओढतच राहते, मग ह्या ओढाताणीत जे सगळ्यात कमजोर ते जातं, म्हणजे बऱ्याचदा प्लास्टिकची क्लिप नाहीतर केबल. त्यात कडक थंडीत प्लास्टिक आधीच ठिसूळ झालेलं. काही गाड्यांच्या मोटरी तापल्या की आपोआप बंद पडतात, पण त्या भरवशावर राहू नका.

काच नेमकी कधी चिकटते

सगळ्यात थंड दिवशी चिकटत असेल असं वाटतं ना, तसं नाही. उणे ३० ला बर्फ कोरडा असतो, पिठासारखा, ब्रशने झटकला की गेला. घोटाळा होतो तो बर्फ वितळून परत गोठला की. इथे कॅलगरीत चिनूक नावाचा वारा येतो, रॉकी पर्वतावरून खाली उतरणारा कोरडा गरम वारा, सकाळी उणे १५ असलेलं तापमान दुपारी शून्याच्या वर जातं आणि आम्ही सगळे जॅकेट काढून फिरायला लागतो. तेवढ्यात टपावरचा बर्फ वितळून पाणी काचेवरून ओघळत बीडिंगमध्ये जातं आणि वारा गेला की रात्री तिथेच गोठतं. टोरोंटो-माँट्रियलकडे हेच काम गोठणारा पाऊस करतो. आणि तिसरं कारण आपणच, भर हिवाळ्यात कार वॉश करून ओली गाडी तशीच बाहेर उभी करणारे.

चिकटलीच आहे, आता काय

पहिलं, गाडी चालू करा, पण बाहेर. बंद गॅरेजमध्ये नाही, गॅरेजचं दार थोडं उघडं ठेवून पण नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हीटर फुल, पुढच्या काचेचा डिफ्रॉस्ट चालू, बाजूच्या जाळ्या थेट दाराच्या काचेकडे वळवा, री-सर्क्युलेशन (आतलीच हवा परत फिरवणारं बटण) बंद. एसीचं बटण चालू असू द्या, थंडीत एसी कशाला असं वाटेल पण तो हवेतला दमटपणा काढतो, फार थंडी असली तर तो चालणार नाही, हरकत नाही. १०-१५ मिनिटं तरी लागतात, उणे २५ च्या खाली जास्तच. रात्री ब्लॉक हीटर (इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर) प्लगला लावून ठेवला असेल तर इंजिन लवकर तापतं. दारच उघडत नसेल तर हँडल ओढत बसू नका, दारावर अंगाचा भार टाकून आत दाबा, कडेचा बर्फ तडकतो, मग ओढा.

गाडी तापेपर्यंत बाहेरून काम करा. बर्फ झाडा, स्क्रेपरने काच साफ करा, आणि काच जिथे दारात शिरते ती खालची रेघ नीट मोकळी करा, खरी पकड तिथेच असते. तिथे स्क्रेपर जात नाही म्हणून मी जुनं प्लास्टिकचं गिफ्ट कार्ड ठेवते. चाकू, स्क्रू ड्रायव्हर असलं काही घालू नका, बीडिंग फाटलं की पुढच्या वेळी दुप्पट पाणी आत जाणार. कडेकडेने तळहाताने हलके थोपटा, गुद्दे नाही.

मग स्प्रे. विकतचा डी-आयसर, म्हणजे बर्फ वितळवणारा स्प्रे, चालतो, पण घरचा स्वस्त पडतो, मेडिकलमध्ये मिळणारं रबिंग अल्कोहोल. ९९ टक्क्यांचं असेल तर २ भाग अल्कोहोल आणि १ भाग पाणी, ७० टक्क्यांचं असेल तर पाणी आधीच आहे त्यात, तसंच भरा. काचेच्या चारी कडांना मारा, दोन-तीन मिनिटं थांबा. ते पेट घेतं, सिगरेटवाल्यांनी लांब राहावं. आणि बाटली घरात ठेवा, मी एकदा गाडीत ठेवली होती आणि गाडीचं दारच गोठलेलं, मग बसा बाहेरून बाटलीकडे बघत.

आता बटण. अर्धा सेकंद, खालच्या दिशेने, ऑटोच्या खटक्यापर्यंत (जिथे काच आपोआप पूर्ण खाली जाते) न नेता. बोटभर हलली तर लगेच वर घ्या, परत थोडी खाली, परत वर, असं करत मोकळी करा. नुसती घरघर आली तर सोडून द्या आणि अजून ५ मिनिटं हीटर चालू दे.

उकळतं पाणी ओतायचं नाही म्हणजे नाही. गोठलेली काच अचानक तापली की तडकू शकते, आणि नाही तडकली तरी ते पाणी बीडिंगमध्येच उतरून परत गोठणार.

उलटा प्रकार पण होतो, काच खाली गेली आणि वर येईना, किंवा अर्ध्यावर येऊन परत खाली. बऱ्याच गाड्यांत मध्ये हात आला तर काच आपोआप परत फिरते, तिला बर्फ म्हणजे हातच वाटतो. काच सरकते त्या खाचेतला बर्फ काढा, मग एकाने बटण वर धरायचं, दुसऱ्याने काच दोन्ही तळव्यांत धरून वर न्यायची. दारात खडखड ऐकू येत असेल तर मात्र प्लास्टिक आणि टेप लावून गॅरेज गाठा.

ज्यांच्या दाराला काचेभोवती फ्रेम नाही (टेस्ला, बऱ्याच कूपे म्हणजे दोन दारांच्या गाड्या), तिथे दार उघडताना काच आधी थोडी खाली सरकते, गोठली की सरकत नाही. अशी गाडी ॲपवरून किंवा रिमोट स्टार्टने आधी गरम करा, मगच दाराला हात लावा.

खरं काम ऑक्टोबरमध्ये

बीडिंग साबणाच्या फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग सिलिकॉन स्प्रे फडक्यावर घेऊन सगळ्या रबराला लावा, काच ज्या खाचेतून सरकते तिच्यात थोडा थेट मारा, काच तीन-चार वेळा वरखाली करा. रबरावर पाणी टिकत नाही, मग गोठणार काय. जानेवारीत परत एकदा. माझी आई फोनवर म्हणाली, "अगं खोबरेल तेल लाव की." खोबरेल २४ डिग्रीच्या खालीच गोठतं आई, नाशकात डिसेंबरमध्ये बाटली उन्हात ठेवायचीस ते विसरलीस का. व्हॅसलीन आणि इतर खनिज तेलंही नकोत, त्यांनी रबर फुगतं.

दाराच्या खालच्या कडेला पाणी बाहेर जायची बारीक भोकं असतात, पानं-माती अडकली असेल तर मोकळी करा. बुटाचा बर्फ आत आणू नका, मॅटवर वितळतो आणि काचेवर आतून चढतो.

आणि पुण्या-मुंबईहून जानेवारीत स्पितीला जाणाऱ्यांनो, तिकडे रात्री उणे २० सहज होतं, अल्कोहोलची बाटली आणि प्लास्टिक कार्ड बॅगेत टाका. सकाळी कोणी प्रेमाने काचेवर ओतायला गरम पाण्याची बादली आणली तर त्याला हात जोडा आणि ते पाणी आंघोळीला वापरा.