गिरिस्थानावरील जुन्या निवासी शाळेचा इतिहास कसा लिहावा

एखाद्या गिरिस्थानावरील निवासी शाळेला शंभर किंवा दीडशे वर्षे होत आली की स्मरणिकेचे काम बहुधा एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या किंवा निवृत्त शिक्षकाच्या गळ्यात पडते, आणि मुख्याध्यापकांची यादी, चषकांची छायाचित्रे व मान्यवरांचे शुभसंदेश यांपलीकडे तीत फारसे काही उतरत नाही. खरा इतिहास लिहायचा असेल, तर शाळा त्या डोंगरावर का आली, कोणाच्या मुलांसाठी आली, तिचा खर्च कोणी सोसला आणि पुढे विद्यार्थ्यांचा वर्ग कसा पालटला, हे कागदपत्रांतून शोधावे लागते.

प्रवेशद्वारावर कोरलेले स्थापनेचे वर्ष गृहीत धरू नये. संस्था सुरू होणे, ती डोंगरावर येणे, तिला आजचे नाव मिळणे आणि सध्याची इमारत उभी राहणे या वेगवेगळ्या घटना असतात. दार्जिलिंगची सेंट पॉल्स शाळा १८२३ मध्ये कोलकात्यात निघाली आणि १८६४ मध्ये दार्जिलिंगला हलली. कसौलीजवळच्या सनावर येथे हेन्री लॉरेन्स यांनी १८४७ मध्ये जी संस्था काढली, ती ब्रिटिश सैनिकांच्या अनाथ व निराधार मुलांसाठीचा आश्रम होती. आज त्याच संस्थेची गणना देशातील नामांकित निवासी शाळांत होते. आपल्या शाळेच्या बाबतीत ही वर्षे वेगवेगळी निघाली, तर ती सगळी पुराव्यासह द्यावीत. समारंभाला सोयीचे तेवढे एकच वर्ष निवडू नये.

‘थंड हवा’ हे स्थाननिवडीचे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. पाचगणीचेच उदाहरण घ्यावे. महाबळेश्वरात वर्षाला सुमारे सहा हजार मिलिमीटर पाऊस पडत असल्याने ब्रिटिशांना पावसाळ्यात तेथे राहणे कठीण होते; जवळच्या पाचगणीत पाऊस त्याच्या निम्म्याहूनही कमी, म्हणून तेथे बारमाही वस्ती करता येत होती. जॉन चेसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ती वसवली आणि तिच्या आधारानेच पुढे शाळा वाढल्या. सिमल्याच्या बिशप कॉटन शाळेमागचे कारण निराळे होते. १८५७ च्या उठावानंतर, मुलांना इंग्लंडला पाठवणे न परवडणाऱ्या युरोपीय व युरेशियन (युरोपीय-भारतीय मिश्र वंशाच्या) कुटुंबांसाठी डोंगरावर शाळा काढाव्यात असा आग्रह बिशप कॉटन यांनी धरला, १८५९ मध्ये शाळा निघाली आणि १८६० मध्ये गव्हर्नर जनरल कॅनिंग यांनी या विचाराला पाठिंबा दिला. वाहतुकीचा प्रश्नही येथेच तपासावा. दार्जिलिंगला १८८१ मध्ये आणि सिमल्याला १९०३ मध्ये रेल्वे पोहोचली. पाचगणीला ती कधीच आली नाही, वाठार स्थानकावर उतरून वाईमार्गे पसरणी घाट चढावा लागे. मुले, अंथरुणे आणि ट्रंका वर कशा पोहोचत व त्याचे पैसे कोण देई, हे जमाखर्चाच्या वह्यांत सापडू शकते.

शाळेतील सर्वांत मोलाचे साधन म्हणजे प्रवेशनोंदवही, अर्थात जनरल रजिस्टर. त्यातील प्रत्येक नाव उतरवून घेण्याची गरज नसते. दर दहा वर्षांतील एक वर्ष घ्यावे आणि त्या वर्षीच्या प्रवेशांची जन्मस्थळ, धर्म, आधीची शाळा, शाळा सोडल्याचे कारण आणि नोंद असल्यास वडिलांचा व्यवसाय अशा रकान्यांनुसार मोजणी करावी. १९४७ च्या आधीचे व नंतरचे एकेक वर्ष मात्र वगळू नये, कारण युरोपीय कुटुंबे देश सोडून गेल्यावर शाळा कोणाच्या बळावर तगली, याचे उत्तर तेथेच मिळते. फारुख बलसारा, म्हणजे पुढचा प्रसिद्ध रॉक गायक फ्रेडी मर्क्युरी, १९५० च्या दशकात झांजिबारहून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला होता. असे नाव सापडले की लेखक त्यावर चार पाने खर्च करतो. माझ्या मते त्याला एक परिच्छेद पुरे. अधिक महत्त्वाचा प्रश्न हा की पूर्व आफ्रिकेतील आणखी किती भारतीय कुटुंबे आपली मुले तेथे पाठवत होती. शिक्षांच्या वहीतील नावे मात्र छापू नयेत. ती माणसे किंवा त्यांची मुले आज हयात असू शकतात.

शाळेबाहेरची साधने तितकीच आवश्यक आहेत. मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील पुराभिलेखागारात इलाख्याच्या शिक्षण खात्याचे दप्तर चाळावे आणि खात्याच्या वार्षिक अहवालांत युरोपीय शाळांची माहिती व अनुदाने शोधावीत. १८८५ चे सातारा गॅझेटियर पाचगणीच्या प्रारंभिक वर्णनासाठी उपयोगी पडते. शोधताना गावाच्या नावाची जुनी इंग्रजी रूपे वापरून पाहावीत, आणि १९११ च्या जनगणनेपासून ‘युरेशियन’ऐवजी ‘अँग्लो-इंडियन’ ही संज्ञा अधिकृत झाली, हे लक्षात ठेवावे. जमिनीसाठी मिळकत पत्रिका, फेरफार आणि भाडेपट्टा पाहावा. महाराष्ट्रातील शाळा सार्वजनिक न्यासाची असेल, तर १९५० च्या कायद्याखालील तिची नोंद व विश्वस्तबदलांचे अहवाल धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात असतात. चर्चच्या दफनभूमीतील शिळा वाचून त्यांची छायाचित्रे लगेच काढून ठेवावीत. पावसाने अक्षरे दरवर्षी झिजत जातात.

मुलाखती घेताना ‘शाळेने आपल्याला काय दिले’ असे विचारू नये, कारण त्यावर भाषणच ऐकावे लागते. आंघोळीचे पाणी कोण तापवी, रविवारी जेवणात काय असे, पत्रे टाकण्याआधी कोण वाची, असे विचारावे. त्याहीपेक्षा, स्वयंपाकघर, धोबीघाट व बाग ज्यांनी पिढ्यानपिढ्या सांभाळली, त्यांच्या आसपासच्या गावांतील (पाचगणीच्या बाबतीत दांडेघर, गोडवली, खिंगर) घरी आवर्जून जावे. त्यांच्याकडे वेतनाच्या चिठ्ठ्या किंवा जुनी समूहछायाचित्रे असू शकतात, आणि शाळेच्या कपाटात नसलेल्या नावांची ओळख तेच पटवून देतात. मूळ कागद त्यांच्याकडेच राहू द्यावा, प्रत तेथेच काढावी आणि मुलाखतीचा मजकूर छापण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवावा.