मुक्कामी ट्रेकची सॅक हलकी कशी करावी

साल्हेरला पहिल्यांदा मुक्कामी गेलो तेव्हा माझी सॅक सोळा किलोंची होती. महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, १५६७ मीटर, म्हणून तयारी दणक्यात केली होती. तीन किलोंचा टेन्ट धापा टाकत वर नेला आणि झोपलो गुहेत. टेन्ट पिशवीतून बाहेरसुद्धा आला नाही. तेव्हापासून दुकानात जायच्या आधी मी काटा काढतो.

आधी वजन करा. भंगारवाल्याकडे असतो तसला हुकाचा छोटा काटा पुरतो. नेहमी नेता ती एकेक वस्तू लटकवा आणि ग्रॅम वहीत लिहा. स्टीलचा डबा, जीन्स, जाडजूड टॉवेल, चौघांच्या ग्रुपमध्ये चार सुऱ्या... एक रुपया न खर्चता दोन किलो इथेच उतरतात. पाण्यासकट सॅक आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत असावी. साठ किलोंच्या माणसाला बारा किलो झाले, तरी एका रात्रीसाठी मी नऊच्या पुढे जात नाही.

मग मुक्काम कुठे ते ठरवा. गुहा किंवा देऊळ पक्कं असेल तर टेन्ट नकोच. खाली अंथरायला प्लॅस्टिकचा कागद घ्या. उघड्यावर राहणार असाल तर दोघांत एक टेन्ट, दोन किलोंच्या आतला. कापड एकाकडे, दांडे दुसऱ्याकडे. एकाच पदराचा टेन्ट स्वस्त आणि हलका असतो, पण श्वासाची वाफ आतून साचते आणि पहाटे थेंब थेंब तोंडावर पडते.

झोपायच्या सामानात मात्र कंजुषी नको. थंडीत निफाडचा पारा बातम्यांत झळकतो, कारण गार हवा जड होऊन सखल भागात साचते. गडावर तितका पारा उतरेलच असं नाही, पण तिथला वारा अंगातली ऊब काढून नेतो. त्यामुळे विंडचिटर हवाच. स्लीपिंग बॅगवर दोन आकडे असतात. 'कम्फर्ट' म्हणून लिहिलेला बघा; 'लिमिट'वाला आकडा कुडकुडत काढलेल्या रात्रीचा असतो. पिसांची बॅग हलकी आणि छोटी होते, पण भिजली की निकामी. आपल्या दमट हवेत सिंथेटिक बरी, चार-पाचशे ग्रॅम जास्त गेले तरी. अंगाखाली बॅगचं भरण दबतं आणि जमिनीचा गारवा थेट पाठीला लागतो, म्हणून मॅट लागतेच. फोमची साधी मॅट मला आवडते. हवेची मॅट मऊ खरी, पण कातळावर एक काटा लागला की संपली.

सॅक सगळ्यात शेवटी घ्या. आधी घेतली तर रिकामी जागा दिसते, आणि आपण ती भरतो. एका रात्रीला चाळीस लिटर पुष्कळ. दुकानात सात-आठ किलो भरून पाठीवर घ्या, कमरेचा पट्टा आवळा. भार खांद्यांवरून कमरेवर आला पाहिजे. मॅट आडवी बांधू नका. हरिहर गडाच्या उभ्या पायऱ्यांवर खोबणीत बोटं घालून चढताना आडवी मॅट कातळाला घासते आणि आपल्याला मागे ढकलते. एका पोराची मॅट तशीच सुटून दरीत गेलेली मी पाहिली आहे. पावसाळ्यात बाहेरच्या कव्हरवर भिस्त ठेवू नका. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून तिच्यात सामान भरा.

कपडे सुती नकोत, घामाने ओले झाले की लवकर वाळत नाहीत. अंगावर एक जोड, झोपायला एक कोरडा, बस.

खाणं आणि पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे वाटेत पाणी कुठे आहे हे गावात विचारूनच बाटल्या भरा. गडावरच्या कातळात खोदलेल्या टाक्याचं पाणी उकळून प्या. पण उन्हाळ्यात तीन लिटरांच्या खाली उतरू नका. वजन वाचवायची ही जागा नव्हे. डाळ-तांदूळ, मीठ-हळद घरीच मोजून एका पिशवीत मिसळा, म्हणजे वर डबे उघडत बसावं लागत नाही. चिक्की न्या. आपला नाशिकचा चिवडा वजनाला हलका, पण अर्धी सॅक तोच खातो. तो घरी परतल्यावर, कांदा-लिंबू पिळून.