अ‍ॅपच्या बिल्डमध्ये चित्रं हरवतात ती अशी: या चुका टाळा

डीबग बिल्डमध्ये (म्हणजे अ‍ॅपच्या चाचणीच्या आवृत्तीत) सगळे आयकॉन दिसतात, लोकांना द्यायच्या रिलीज बिल्डमध्ये गायब. ही तक्रार आली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: चित्राचं नाव कोडमध्ये सरळ लिहिलंय, की अ‍ॅप चालू असताना कुठून तरी येतंय?

एका टीमच्या अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये कॅटेगरीचे आयकॉन चित्रांसाठीच्या ‘ड्रॉएबल’ फोल्डरमध्ये होते, पण कुठला दाखवायचा त्याचं नाव सर्व्हरकडून यायचं आणि कोड ‘गेट आयडेंटिफायर’ने, म्हणजे अ‍ॅप चालू असताना नावावरून, तो शोधायचा. रिलीजमध्ये ‘श्रिंक रिसोर्सेस’ चालू होतं, म्हणजे न वापरलेल्या फाइल काढून अ‍ॅप लहान करणारा श्रिंकर. श्रिंकरने कोड चाळला, त्याला या नावांचा कुठेच उल्लेख सापडला नाही, म्हणून त्याने आयकॉनच्या जागी इवल्याशा रिकाम्या फाइल ठेवून दिल्या. पंचाईत अशी की अ‍ॅप क्रॅश झालं नाही. झालं असतं तर निदान रिपोर्ट आला असता. टीम मात्र सर्व्हर, कॅशे, इमेज लायब्ररी असं सगळं उपसत बसली. मध्येच प्रत्येकाने एकेकदा ‘क्लीन प्रोजेक्ट’ही, म्हणजे जुना बिल्ड पुसून टाकणंही, करून पाहिलं. (नवख्यांना हे बटण म्हणजे अंगारा वाटतो.) एपीके, म्हणजे फोनवर इन्स्टॉल होणारी अ‍ॅपची फाइल, उघडून त्यातल्या फाइलचा आकार कुणीच पाहिला नव्हता. तो पाहिला आणि उलगडा झाला.

त्यावर उपाय काय केला, तर श्रिंकिंगच बंद! असल्या शॉर्टकटचा मला मनापासून राग आहे. प्रोजेक्टच्या ‘रॉ’ फोल्डरमध्ये ‘कीप’ नावाची फाइल ठेवून श्रिंकरला ‘ही चित्रं काढू नकोस’ असं सांगता येतं. मी मात्र कोडमध्येच सर्व्हरचं नाव आणि आयकॉन यांच्या जोड्या लिहून टाकतो. कंटाळवाणं काम आहे, पण मग श्रिंकरलाही कळतं आणि नाव चुकलं तर कंपायलर तिथेच अडवतो. अनोळखी नाव आलं तर दाखवायला एक साधा आयकॉन ठेवायचा. नावाची सुरुवात कोडमध्ये असेल, म्हणजे ‘फ्लॅग_’ला पुढे देशाचा कोड जोडला असेल, तर श्रिंकर त्या नावाची चित्रं सहसा राखतो. श्रिंकरला ‘स्ट्रिक्ट’ मोड लावलात की तीही सवलत गेली.

दुसरी चूक फोनची मेमरी खाते. १०८० × १९२० चं पार्श्वचित्र नुसत्या ‘ड्रॉएबल’ फोल्डरात टाकायचं आणि पुढे जायचं. नुसतं ‘ड्रॉएबल’ म्हणजे अँड्रॉइडच्या लेखी १६० डीपीआय (इंचाला १६० ठिपके, म्हणजे स्क्रीनची घनता). ४८० डीपीआयच्या फोनवर तो लांबी-रुंदी तिप्पट करतो: ३२४० × ५७६०, पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे जवळपास ७५ एमबी. मूळ आकारात हेच काम ८ एमबीत झालं असतं. ६४० डीपीआयच्या फोनवर तर आकडा १३० एमबीच्या पुढे जातो आणि ‘चित्र फार मोठं आहे’ म्हणत अ‍ॅप क्रॅश होतं. ‘पण फाइल तर फक्त दोनशे केबीची आहे’ हे उत्तर मला देऊ नका. ती डिस्कवर दोनशे केबी आहे, मेमरीत पिक्सेल मोजले जातात. चित्र ज्या घनतेसाठी बनवलंय त्याच फोल्डरात ठेवा, नाहीतर ‘नोडीपीआय’मध्ये, तिथलं चित्र अँड्रॉइड ताणत नाही. आयकॉन असेल तर सरळ व्हेक्टर, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषांनी वर्णन केलेलं चित्र.

बाकीच्या चुका थोडक्यात.

फ्लटर या अ‍ॅप बनवायच्या फ्रेमवर्कच्या पबस्पेकमध्ये (प्रोजेक्टच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) चित्रांचा फोल्डर लिहिला की फक्त त्यातल्याच फाइल येतात. पोटातले फोल्डर वेगळे लिहावे लागतात.

फाइलच्या नावात कॅपिटल अक्षरं नकोतच. मॅक आणि विंडोजवर लहान-मोठ्या अक्षरांचा फरक सहसा खपून जातो, लिनक्सच्या बिल्ड सर्व्हरवर (अ‍ॅप आपोआप बांधणाऱ्या मशीनवर) नाही. नाव बदलायचं तर कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या ‘गिट एमव्ही’ कमांडने बदला. मॅकच्या फाइंडरमधून फक्त अक्षर मोठ्याचं लहान केलंत, तर गिटला बहुधा पत्ताही लागत नाही.

जेपीजीला पीएनजी असं नाव दिल्याने ती पीएनजी होत नाही. बिल्ड तुटल्यावर एरर पूर्ण वाचा, त्यात तसं लिहिलेलं असतं.

अ‍ॅप स्टोअरच्या १०२४ × १०२४ आयकॉनमध्ये पारदर्शकता चालत नाही. डिझायनरकडून फाइल आली की लगेच तपासा, अपलोडच्या रात्री नको.

आणि पीएनजी तुमच्याकडे उघडते पण बिल्ड सर्व्हर ‘ही पीएनजीच नाही’ म्हणतो, तेव्हा तिथल्या फाइलचा आकार बघा. साधारण एकशे तीस बाइट असेल तर ते चित्र नव्हे, गिट एलएफएसचा पॉइंटर आहे, म्हणजे मोठ्या फाइल वेगळ्या ठेवणाऱ्या सोयीने तिच्या जागी ठेवलेली चिठ्ठी. बिल्ड सर्व्हर कोड उतरवून घेतो त्या चेकआउटच्या पायरीत एलएफएस चालू करा.