ओडियातली संयुक्त क्रियापदं मशीनला शिकवताय? या चुका टाळा

मराठी माणूस ओडियाचा मॉर्फ ॲनालायझर (शब्द तोडून त्याचा धातू, काळ, पुरुष सांगणारा प्रोग्राम) करायला बसला की आधी त्याला वाटतं, अरे हे तर आपल्यासारखंच आहे. आपण 'करून टाकलं' म्हणतो, ते 'करिपकाइला' म्हणतात, पकाइबा म्हणजे टाकणं, झालं काम. मग 'शोइपड़िला' येतं. आपल्याकडे झोपी 'जातात', तिकडे झोपून 'पडतात'. म्हणजे कुठल्या क्रियापदाला कोण चिकटतं ते मराठी कानाने ठरवायचं नाही, ही पहिली चूक मी पण मनसोक्त केली.

दुसरी म्हणजे स्पेसवर विश्वास. मराठीत आपण मुकाट्याने दोन शब्द लिहितो, ओडियात 'खाइदेला' (खाऊन टाकलं) जोडून पण लिहितात आणि 'खाइ देला' तोडून पण. टोकनायझर (मजकुराचे शब्द वेगळे करणारा भाग) आधी चालवून नंतर विश्लेषण केलं तर एकच क्रियापद दोन वेगळ्या गोष्टी होऊन बसतं. बरं सरसकट जोडून टाकू म्हणाल तर 'भात खाइ गला' चं काय? भात खाऊन निघून गेला की भात खाऊन टाकला? आपलं 'मांजर दूध पिऊन गेलं' तसंच हे. एक साधी टेस्ट चालते, मधे ठिकाण घालून बघा: 'भात खाइ स्कूल गला' बसतं, म्हणजे इथे दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि 'गला' खरोखरचं जाणं आहे. वाक्य बघितल्याशिवाय हे कळत नाही, म्हणून मॉर्फ लेव्हलला दोन्ही पर्याय बाहेर द्या, निवड पुढच्या टप्प्यावर सोडा.

आता खरी डोकेदुखी. 'इ'वालं रूप (करि, खाइ, म्हणजे आपलं करून, खाऊन) दिसलं आणि पुढे क्रियापद आलं की संयुक्त, असा रूल लिहिला की सगळं त्यात शिरतं. करिछि (केलंय), करिथिला (केलं होतं), करिपारिला (करू शकला), करिसारिला (करून झालं), करिदेला (करून टाकलं), सगळ्यांचा चेहरा एकच. पण पहिले दोन काळाचे आहेत, तिसरं 'शकणे'वालं, चौथं संपल्याचं सांगतं आणि शेवटचं तेवढं खरं संयुक्त. छि-थिला यांची, पारिबाची आणि देबा (देणे), जिबा (जाणे), पकाइबा यांची यादी वेगवेगळी ठेवा, एका डब्यात कोंबू नका.

माझा सगळ्यात वाईट बग 'होइजाइथिला' (होऊन गेलं होतं) वर सापडला. याचे तुकडे हो+इ, जा+इ, थिला. मी लाइट व्हर्बच्या (संयुक्त क्रियापदात मागून चिकटणाऱ्या क्रियापदांच्या) यादीत 'गला' टाकलेलं, कारण होइगला, मरिगला, पड़िगला असंच दिसत होतं. पण 'गला' हा जिबाचा भूतकाळ (आपलं जाणे-गेला तसंच), मधे आला की तो 'जाइ' होतो, आणि माझा ॲनालायझर तिथे गप्प. रूपं नाही, धातू ठेवा यादीत, आणि त्या धातूची सगळी सोंगं त्याच्या खाली. देबाचं पण असंच, आज्ञार्थात 'करिदिअ' होतं, तिथे 'दे' शोधत बसाल. तोडायची सुरुवात उजवीकडून करा कारण काळ आणि पुरुष शेवटच्या तुकड्यावर असतात. आणि नकार मधे घुसतो हे विसरू नका: करिनथिला म्हणजे केलं नव्हतं. तो 'न' कचरा म्हणून टाकला तर अर्थ थेट उलटा, आणि एरर पण येत नाही.

शेवटचा स्वर जपा. 'गल' म्हणजे तुम्ही गेलात, 'गला' म्हणजे तो गेला, आणि ओडियात शेवटचा अ उच्चारतात. रोमन लिपीत बारीक अक्षरांत डेटा उतरवला की दोन्ही एकच दिसतात, मग बसा शोधत. 'गलु' आम्ही गेलो पण आणि तू गेलास पण. 'गले' तर अजून वाईट, ते गेले किंवा गेलं तर, म्हणून 'मरिगले'ला दोन्ही टॅग द्या. हो, आणि लिंगाचा कॉलम काढून टाका, ओडिया क्रियापदाला लिंग नसतं, तो गेला ती गेली दोन्हीकडे 'गला'. सवयीने कॉलम ठेवला होता, महिनाभर रिकामाच.

पड़िबाची सगळी रूपं 'अनोळखी' येत असतील तर रूल्सना हात लावू नका, ड़ बघा. ते एक अक्षर म्हणून टाइप होतं किंवा ड आणि खालचा टिंब असे दोन कोड म्हणून, आणि युनिकोडच्या एनएफसी नॉर्मलायझेशनमध्ये (एकाच अक्षराचे वेगवेगळे कोड एकसारखे करण्याची पद्धत) ते दोनातच फुटतं. शब्दकोश आणि मजकूर दोन्ही एकाच पद्धतीने नॉर्मलाइज करा. जुना डेटा शोधताना 'ओरिया' नावाने पण शोधा, घटनेत २०११ ला 'ओडिया' झालं तरी युनिकोडच्या ब्लॉकचं नाव अजून ओरियाच आहे.

लेमाचं (शब्दकोशातल्या मूळ रूपाचं) विचाराल तर खाइदेलाचा लेमा 'खाइबा' ठेवा आणि 'देबा' वेगळ्या फील्डमध्ये. फक्त शब्दकोशातलं हे 'बा' रूप (आपलं 'करणं' तसं नाम) वाक्यात 'आपण करूया' म्हणूनही येतं, तेव्हा 'आमे करिबा' ला नाम म्हणून मोकळे होऊ नका.