व्हेटर्नरी एपिडेमिऑलॉजीत पीजी करायचंय? आधी निरोगी जनावरं मोजायला शिका

इंटर्नशिप संपत आली की ज्युनियर पोरांचे मेसेज सुरू होतात, सर एपिडेमिऑलॉजी (जनावरांतल्या साथींचा अभ्यास) घेऊ का, स्कोप आहे का. स्कोपचं नंतर बघू. आधी सांगा, समोर खोड्यात उभी असलेली एक गाय बरी केली की तुमचं समाधान होतं, की या गावात लम्पी आला आणि ओढ्यापलीकडच्या गावात का नाही आला हे डोक्यातून जात नाही? पहिलं असेल तर सरळ मेडिसिन नाहीतर सर्जरी घ्या. दुसरं असेल तर वाचा पुढे.

बीव्हीएस्सी, म्हणजे पशुवैद्यकाची पदवी, झाल्यावर एमव्हीएस्सी ही पीजी दोन वर्षांची. आपल्याकडे माफसू हे राज्याचं पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे, म्हणजे नागपूर, परळ, शिरवळ, परभणी, उदगीरची कॉलेजं सगळी त्यातच. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) पीजी एंट्रन्स द्या, मग बरेलीजवळच्या इज्जतनगरची आयव्हीआरआय ही पशुवैद्यकीय संशोधन संस्था वगैरे पर्याय उघडतात. ही आयव्हीआरआय 1889 साली आपल्या पुण्यात सुरू झाली होती, नंतर मुक्तेश्वरला गेली, पण ते असो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. बऱ्याच ठिकाणी एपिडेमिऑलॉजी हा वेगळा विभाग नसतोच, व्हेटर्नरी पब्लिक हेल्थच्या पोटात असतो, आणि तिथे मांस तपासणी, दूध तपासणी, अन्नातले जंतू हेही शिकावं लागतं. वाईट काही नाही त्यात, पण तुम्ही साथीचा अभ्यास करायला गेलात आणि दोन वर्षं पनीरमधले जंतू मोजत बसलात असं नको व्हायला. म्हणून कॉलेजचं नाव बघू नका, गाइडच्या मागच्या चार-पाच विद्यार्थ्यांचे थिसिस काढून चाळा. त्यात गावं, कळप, सॅम्पलिंग असे शब्द दिसतात की फक्त पेट्रीडिशचे फोटो, दहा मिनिटांत कळतं.

आता मुद्द्याची गोष्ट, भाजक. म्हणजे अपूर्णांकातला खालचा आकडा. समजा एका गावात 400 गुरं आहेत, लम्पी आला, 70 आजारी पडली आणि त्यातल्या 25 ना लस दिलेली होती. पारावर लगेच सुरू, लस देऊनही 25 जनावरं आजारी, लसच बोगस. तुम्ही पण फक्त आजारी जनावरांचीच यादी केलीत तर तुमच्याकडे याला उत्तर नाही. पण घरोघर फिरून निरोगी पण मोजलीत आणि कळलं की लस दिलेली 250 होती, न दिलेली 150, तर चित्र पालटतं. लसवाल्यांत 250 पैकी 25, म्हणजे 10 टक्के. बिनलसवाल्यांत 150 पैकी 45, म्हणजे 30 टक्के. धोका तिप्पट, आणि लसीने साधारण 67 टक्के आजार वाचवला. चार चौकटींचा तक्ता आहे नुसता, पण त्यासाठी ज्या गोठ्यात काहीच झालेलं नाही तिथे पण उन्हात जावं लागतं आणि तिथला माणूस विचारतो, आमचं जनावर ठणठणीत आहे मग तुम्ही कशाला आलात.

मी स्वतः इथेच आपटलोय. माझ्या थिसिससाठी मी दवाखान्यात येणाऱ्या गायींचं रक्त घेत गेलो, 100 झाले की थांबलो, छान गोल आकडा. व्हायव्हाला बाहेरच्या परीक्षकांनी एवढंच विचारलं, ही 100 निवडली कशी? दवाखान्यात आलेली म्हणजे आधीच आजारी, त्यावरून तालुक्याचं प्रमाण सांगता येत नाही. घाम फुटला होता. त्यामुळे सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, लिहितानाच सॅम्पल साइज काढा. प्रमाण माहीतच नसेल तर 50 टक्के धरा, 95 टक्के कॉन्फिडन्स, 5 टक्के एरर, साधारण 385 जनावरं येतात, आणि कळपाकळपाने घेणार असाल तर त्याहून जास्त लागतात. मोठ्या कळपात रोग आहे की नाही एवढंच बघायचं असेल तर गणित वेगळं, रोग कमीत कमी 5 टक्के जनावरांत असेल असं धरलं तर रँडम निवडलेली 59 पुरतात, 1 टक्का धरला तर 299. तेही टेस्ट अचूक आहे असं धरून.

सॉफ्टवेअरला घाबरू नका, आकडेमोडीचं आर आणि नकाशांचं क्यूजीआयएस दोन्ही फुकट आहेत, पहिल्याच सेमिस्टरला सुरू करा. पण खरी वाट लागते ती एक्सेल शीटमध्ये. कानातल्या बिल्ल्याचा नंबर 12 आकडी असतो, तो एक्सेलमध्ये तसाच टाकला की 1.2ई+11 असलं काहीतरी दिसतं, म्हणून तो कॉलम आधीच टेक्स्ट करून ठेवा. आणि बिल्ला शेणाने माखलेला असतो, ओला फडका जवळ ठेवा, अंदाजाने आकडा लिहू नका.

ब्रुसेलावर, म्हणजे गायी गाभडवणाऱ्या जंतूवर, काम घेणार असाल तर ग्लोव्ह्ज आणि मास्कशिवाय गाभडलेल्या गायीच्या जाराला हात लावायचा नाही, हा आजार माणसाला होतो आणि ताप महिनोन्‌महिने जात नाही. त्याची ‘रोझ बेंगाल’ नावाची रक्ताची टेस्ट दिसायला सोपी, एक थेंब सिरम, एक थेंब गुलाबी अँटिजेन, चार मिनिटं हलवलं की गुठळ्या दिसतात किंवा नाही दिसत. पण त्या कालवडीला 4 ते 8 महिन्यांची असताना ब्रुसेलाची एस-19 लस दिली होती का हे विचारलं नसेल तर त्या गुठळ्या आजाराच्या की लसीच्या, याचा अर्थ तुम्हाला लावता येणार नाही.

बाहेर जायचं असेल तर लंडनचं रॉयल व्हेटर्नरी कॉलेज, न्यूझीलंडची मॅसी युनिव्हर्सिटी ही या विषयातली जुनी नावं. फी ऐकून बसायला होतं म्हणून कॉमनवेल्थ, चेवनिंग स्कॉलरशिप बघा, चेवनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो.

आणि स्कोप. बंगळुरूला निवेदी ही आयसीएआरची संस्था याच विषयाला वाहिलेली आहे, कुठल्या जिल्ह्यात कुठला रोग येऊ शकतो याचा आगाऊ इशारा ते देतात. 2019 पासून लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलाचा राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रम चालू आहे. आणि साथी काही लांब कुठे येत नाहीत, भारतातला पहिला बर्ड फ्लू 2006 ला आपल्या नवापुरात सापडला. पण दर महिन्याला जाहिरात निघेल अशी ही लाइन नाही, बरेच जण शेवटी एलडीओची (सरकारी पशुधन विकास अधिकाऱ्याची) परीक्षा देतात आणि दवाखान्यात बसतात. मी पण त्यातलाच. फरक एवढाच की माझ्या टेबलावर ओपीडी रजिस्टरच्या शेजारी दुसरी वही असते, त्यात प्रत्येक गावाची एकूण जनावरं लिहिलेली आहेत, आणि तुम्ही इंटर्नशिपला असाल तर अशी वही उद्यापासून सुरू करा.