आधी मॅगझिन काढा, मग कॉक करा
ड्युटीवरून आल्यावर रायफल खाली म्हणजे रिकामी करताना आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढा मगच कॉक करा (बोल्ट मागं ओढा), कारण मॅगझिन लागून असताना कॉक केली तं नवी गोळी चेंबरमध्ये (नळीच्या मागं गोळी बसते त्या जागेत) चढते अन मग मॅगझिन काढूनही रायफल भरलेलीच राहते, घात इथंच होतो राजेहो. नळी सेफ दिशेला, बोट ट्रिगरबाहेर, अन चेंबर डोळ्यानं पाहा, अंधार असला तं करंगळी घालून चाचपा.

सर्व्हिस रायफल कोतमध्ये (शस्त्रागारात) जमाच असते, पण सुट्टीत गावी घरची लायसनची बारा बोअर बंदूक असते नं, ती खाली करून कुलपात, काडतुसं वेगळ्या जागी, चावी आपल्याजवळ. पोळ्याला पोट्टे मागं लागतात, दाखव न भाऊ म्हणून, तरी काढू नका. वरातीत हवेत बार तं नाहीच, शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही.